पैलवान आणि गोगलगायी

सोमवार, १० मार्च

मत्स्यालयाच्या तळघरातल्या दोन चिलरपैकी एक आज कायमचा बंद पडला. पाणी थंड ठेवणारी ही यंत्रं. एक सीलच्या तलावाचं, दुसरं माझ्या टाक्यांचं. गेलं ते सीलचं. मेकॅनिकने झाकण उघडून आत पाहिलं, मग साहेबांकडे अशा चेहऱ्याने पाहिलं, की साहेब आपोआप हळू आवाजात बोलायला लागले.

नवा चिलर यंदा मिळणार नाही. उन्हाळा तोंडावर आहे. उरलेला एक तलावालाही पुरेल आणि टाक्यांनाही, असं होणार नाही.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नवरा इथेच सीलचा प्रशिक्षक. तो आधीच तिथे बसला होता. मी आत गेले तसं दोघांचं बोलणं थांबलं. बहुधा माझ्यासाठी खुर्ची मोकळी करायची होती म्हणून.

"बाई, एक तुलनात्मक टिपण लिहून द्या," साहेब म्हणाले. "एकीकडे सील, एकीकडे तुमच्या त्या गोगलगायी. दोन्ही बाजू मांडा, शेवटी शिफारस करा. चिलर कुणाला द्यायचा."

"मी कशी लिहू? एक बाजू माझीच आहे."

"आणि दुसरी बाजू तुमच्या यजमानांची. म्हणजे फिट्टंफाट!" साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. नवराही हसला.

माझा विभाग एका कॉलेजच्या मदतीने सुरू झाला होता. तेव्हाच्या करारानुसार माझ्या लेखी शिफारशीशिवाय तो बंद करता येत नाही. हे मी विसरूनच गेले होते. साहेबांनी स्वतःहून आठवण करून दिली. त्यांच्याबद्दल मी उगाच मनात किंतू धरते, असं वाटलं.

घरी येताना नवरा म्हणाला, "मी यात एक शब्द बोलणार नाही. तूच ठरव. तुझ्याइतकं न्यायी माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही."

हे तो मनापासून बोलला. अंगावर मूठभर मांस चढलं. चढायला नको होतं.

बुधवार, १२ मार्च

काय पणाला लागलं आहे ते आधी स्वतःशी स्पष्ट करावं.

चिलर सीलला मिळाला नाही, तर त्याला दुसरीकडे पाठवावं लागेल. तो म्हातारा आहे, उजव्या डोळ्यात पूर्ण मोतीबिंदू. "प्रवास त्याला झेपणार नाही," नवरा म्हणतो, "वाटेतच जाईल तो." नवऱ्याचे खेळही बंद होतील. गेली सोळा वर्षं तो रोज दोनदा तलावाच्या काठावर उभा राहतो आणि लोक पैलवानासाठी (आम्ही सीलला पैलवान म्हणतो) आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात.

चिलर माझ्या टाक्यांना मिळाला नाही, तर समुद्री गोगलगायींची ओळ संपेल. या बिनशंखाच्या गोगलगायी. वीतभर लांब, तपकिरी, अंगावर ठिपके, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. एकेकीचं आयुष्य वर्षभराचं. अंडी घालतात आणि मरतात. अंड्यांतून निघालेली पिल्लं धुळीच्या कणाएवढी असतात. महिनाभर पाण्यात तरंगतात आणि मग एका विशिष्ट लाल शेवाळावरच बसतात. शेवाळ तेच हवं, पाणी थंडच हवं. पहिली तीन वर्षं माझ्या हातून एकही पिल्लू जगलं नाही. आता नववी पिढी आहे. एवढं माझ्या माहितीत दुसऱ्या कुणी केलेलं नाही. पण माझी माहिती अपुरी असू शकते.

रात्रीच्या जेवणाला लेकीने विचारलं, "आई, गोगलगायींमध्ये नर कोण, मादी कोण?"

"प्रत्येक जण दोन्ही असतो."

"म्हणजे नवरा लागतच नाही? मज्जाय!"

"जोडीदार लागतो."

"अगंबाई, जेवताना काय हे विषय," सासूबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुझ्या त्या लिबलिबीत किड्यांसाठी माझ्या मुलाचं पोटपाणी काढून घेऊ नकोस म्हणजे झालं. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काही उगाच नाही."

सासूबाईंची बाजू: मुलगा त्यांचा आहे. काळजी वाटणारच.

सोमवार, १७ मार्च

पैलवानाचं निरीक्षण सुरू केलं आहे. इतकी वर्षं एकाच इमारतीत असून मी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं. नवरा खूश आहे. माझ्यासाठी काठावर स्टूल आणून ठेवतो, चहा आणून देतो. आज कितीतरी दिवसांनी माझ्या खोलीतही आला, टाकीत वाकून पाहिलं. "कोणती कोणाची आई?" असं विचारलं. आई केव्हाच मेलेली असते, हे त्याला आठवत नव्हतं, पण विचारलं तरी.

पैलवान देखणा आहे हे मान्य करायला हवं. पाण्यातून डोकं वर काढून तो नाकपुड्या उघडतो, तेव्हा जोराचा सुस्कारा ऐकू येतो, अगदी दमलेल्या माणसाचा. मिशा सतत हलत असतात. डाव्या डोळ्याने बघतो आणि मान तिरकी करतो. लोकांना वाटतं तो विचार करतोय.

नवा खेळ बसवणं चालू आहे. काठावर लाकडी पेटी ठेवली आहे, पैलवानाच्या मापाची, बाजूला भोकं असलेली. नवरा शीळ घालतो, पैलवान सरपटत पेटीत शिरतो, मासा मिळतो. आज झाकण अर्धं लावून पाहिलं. पैलवान आत शांत पडून राहिला.

"यात गंमत काय?" मी विचारलं. "लोकांना आतला सील दिसणारच नाही."

"बघशील तू," तो म्हणाला. "शेवटी धमाल आहे."

खेळातलं मला कळत नाही. तो सोळा वर्षं करतोय, त्याला कळत असेल.

शुक्रवार, २१ मार्च

साहेब जिन्यात भेटले. "काय, झालं का टिपण?" मी म्हटलं अजून नाही. "सावकाश," ते म्हणाले, "पण महिनाअखेरच्या आत."

मंगळवार, २५ मार्च

लिहायला बसले. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं’ असं होऊ नये म्हणून एक नियम केला: जिथे शंका येईल तिथे फायदा सीलला. माझा स्वार्थ गोगलगायींकडे आहे, म्हणजे माझा हात त्या पारड्याकडे आपोआप जाणार. तो मुद्दाम मागे ओढायला हवा.

काय लिहिलं ते थोडक्यात.

सीलचे पूर्वज जमिनीवरून समुद्रात परत गेले. त्यासाठी पाय सोडले. गोगलगायीच्या पूर्वजांना शंख होता. तो त्यांनी सोडला. अजून पाठीच्या कातडीखाली नखाएवढा पातळ शंख सापडतो, कुणाला न दिसणारा. दोघांनी काहीतरी सोडूनच पाणी मिळवलं. हे वाक्य मला आवडलं, म्हणून खोडलं.

सील उष्ण रक्ताचा, फुप्फुसाने श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा. त्याला भीती वाटते, कंटाळा येतो, तो माणूस ओळखतो. गोगलगायीचा मेंदू म्हणजे काही हजार पेशींचे पुंजके. पण त्या पेशी इतक्या मोठ्या, की त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारख्या दिसतात, आणि तिला आठवण असते. तिच्या कल्ल्याजवळ हळूच बोट लावलं की ती अंग आखडते. पुन्हा लावा, पुन्हा आखडते. वारंवार लावत राहा, मग ती आखडणं सोडून देते. सवय होते. एकदा मात्र जोराचा चिमटा बसला, की पुढचे कित्येक दिवस ती साध्या स्पर्शालाही दचकते.

दुखतं का तिला? माहीत नाही. सीलला दुखतं, हे माहीत आहे. नियमाप्रमाणे फायदा सीलला.

एका बाजूला एक जीव आहे, दुसऱ्या बाजूला एक वंश. पैलवान गेला तर पैलवान परत येणार नाही. गोगलगायींतली एकेक जण नाहीतरी वर्षात मरणारच. वंशाला दुःख होत नाही. वंश तुटल्याचं दुःख होतं ते मला, आणि माझ्या दुःखाला टिपणात जागा नाही.

संध्याकाळी लेकीने वाचलं. "आई, हे तू सीलच्या वकिलासारखं लिहिलंयस."

"मग गोगलगायींकडून तू लिही."

"तुझ्याकडून कोण लिहिणार?" ती म्हणाली आणि अभ्यासाला गेली. हल्ली ती असं काहीतरी बोलून निघून जाते. बारावीचं वय.

गुरुवार, २७ मार्च

टिपण दिलं. शिफारस: चिलर सीलच्या तलावाला द्यावा.

साहेबांनी पहिलं पान वाचलं नाही, शेवटचं वाचलं. "उत्तम," म्हणाले, "सही ठळक करा जरा."

नवऱ्याने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. घरी मी कधी त्याला इतकं हलकं झालेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, योग्य केलं. नंतर वाटलं, योग्य वाटण्यासाठीच तर केलं नाही ना? हा विचार फार ताणला तर कुठलंच चांगलं काम करता येणार नाही. सोडून दिला.

बुधवार, २ एप्रिल

चिलरचे पाइप तलावाकडे वळवले. माझ्या टाक्यांतलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट झालं. मोठ्या गोगलगायींपैकी काही काचेवरून खाली घसरल्या. एकीने जांभळी शाई सोडली. टाकीत कुणी शत्रू नव्हता.

काल अंडी मिळाली आहेत. पिवळसर दोऱ्यांचा गुंता, आपण शेवया म्हणून फसू असा. हा गुंता बरण्यांत घालून घरी आणला. मत्स्यालयाचा फ्रीजर पैलवानाच्या माशांनी भरलेला आहे. आमच्या घरातला मला वापरता येईल. न्हाणीघरात थर्माकोलचं मोठं खोकं, त्यात बरण्या, बरण्यांभोवती बर्फाच्या बाटल्या. बाटल्या सकाळ, दुपार, संध्याकाळ बदलायच्या. लेकीने बाटल्यांवर आळीपाळीसाठी लाल आणि निळ्या पट्ट्या चिकटवल्या.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "म्हणजे आता आंघोळीलाही त्यांची परवानगी घ्यायची?"

"फक्त उन्हाळाभर."

"नाकापेक्षा मोती जड," त्या म्हणाल्या. पण दुपारच्या बाटल्या बदलायचं त्यांनी कबूल केलं. मी दुपारी कामावर असते. त्यांना ‘नाही’ म्हणता आलं असतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

अंडी फुटली. उजेडासमोर बरणी धरली की पिल्लं दिसतात, पाणी शहारल्यासारखं. या वयात यांना शंख असतो, काचेच्या चुऱ्याएवढा. पुढे टाकतात.

मोठ्यांपैकी शेवटची काल गेली. टाक्या कोरड्या केल्या. आता जे काही आहे ते न्हाणीघरात आहे.

नवऱ्याला बरणी दाखवली. त्याने पाहिलं, "दिसत नाही काही," म्हणाला. मग फोन आला म्हणून गॅलरीत गेला आणि दार लावून घेतलं. आतमध्ये फोनला नीट आवाज येत नाही, असं त्याचं म्हणणं. मला येतो. पण माझा फोन वेगळा आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

दोन आठवडे नोंद नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही; आणि तीच चांगली बातमी. तापमान टिकलं आहे. फ्रीजरमध्ये दुसरं काही मावत नाही.

नवऱ्याने नवे बूट, नवी बॅग घेतली. "जुनी फाटलीय," म्हणाला. जुनी पाहिली. चेन अडकते, फाटलेली नाही. पण अडकणाऱ्या चेनला माणूस फाटली म्हणू शकतो.

पैलवानाचा पेटीचा खेळ अजून लोकांना दाखवलेला नाही. आता झाकण पूर्ण लावतात आणि तो आत बराच वेळ राहतो. आज चौघांनी पेटी उचलून चार पावलं नेली आणि परत ठेवली. टाळ्या नाहीत, प्रेक्षक नाहीत, नुसता सराव. तिकिटवाली माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही, की तुम्ही दाखवत नाही?"

"काय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "काही नाही. चला, खिडकी उघडायची वेळ झाली."

मंगळवार, ६ मे

कळलं. आज सभा होती, सगळे कर्मचारी. साहेब उभे राहून म्हणाले, "एक आनंदाची आणि एक दुःखाची बातमी." मोठ्या शहरातल्या नव्या मत्स्यालयात पैलवान जाणार. तिथे मोठा तलाव, बर्फाळ पाणी, काचेचा बोगदा. सोबत त्याचे प्रशिक्षक, म्हणजे माझा नवरा, कायमच्या नोकरीवर. बोलणी जानेवारीतच पक्की झाली होती. त्यांची एकच अट होती, की जनावर निघेपर्यंत थंड पाण्यात आणि तब्येतीने ठणठणीत हवं. "आणि ते शक्य झालं आपल्या बाईंच्या निःपक्षपाती टिपणामुळे!" साहेबांनी माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले. का उभी राहिले? नाव घेतलं की उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

जानेवारीत चिलर चालू होता. म्हणजे मार्चमध्ये तो बंद पडला, तेव्हा त्या दोघांपुढे प्रश्न एकच होता, की मला कसं लिहायला लावायचं. फार काही करावं लागलं नाही. स्टूल, चहा आणि एक वाक्य.

घरी विचारलं. "प्रवासात मरेल म्हणाला होतास."

"पेटीची सवय नव्हती तेव्हा. आता आहे."

"पेटीची सवय तू त्याच आठवड्यात लावायला घेतलीस."

"हे बघ, आधी सांगितलं असतं तर तुला दडपण आलं असतं. तुझं टिपण तुझं राहावं, म्हणून बोललो नाही."

"आणि आम्ही?"

"जम बसला की नेईन ना. आईला, तुम्हाला. तू अशी का बघतेस? मी काय पळून चाललोय?"

लेक खुर्चीतून न उठता म्हणाली, "बाबा, पळून जाणारा निदान घाईत असतो. तुम्ही तर सराव करून चाललाय."

त्याने तिच्यावर आवाज चढवला. सासूबाई मुलाची बाजू घेतील असं वाटलं होतं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांनाही त्याने सांगितलं नव्हतं.

त्याची बाजू लिहायचा प्रयत्न केला. छोट्या मत्स्यालयात सोळा वर्षं एकच तलाव. माणसाला मोठं पाणी हवंसं वाटणारच. हे खरं आहे. बाकीचं लिहिता आलं नाही.

शनिवार, १० मे

कालचं.

निरोपाला सकाळी सगळ्यांनी हजर राहायचं होतं. मी सकाळच्या बाटल्या बदलून निघाले. पिल्लं आता बसायच्या बेतात होती. शंखाच्या कडेला लाल ठिपका उमटला होता, तीच खूण असते. लाल शेवाळ आणून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी, बरण्यांत सोडायचं होतं. नवरा म्हणाला, "तू हो पुढे, मी सामान घेऊन येतो."

अंगणात ट्रक उभा होता. पैलवानाने शीळ ऐकली आणि सगळ्यांसमोर स्वतःहून पेटीत शिरला. लोक इतके खूश झाले, की कुणी रडलं, कुणी फोटो काढले. मी जवळ गेले होते. पेटीत पैलवानाच्या दोन्ही बाजूंनी बर्फाच्या बाटल्या रचल्या होत्या. लाल पट्ट्या, निळ्या पट्ट्या.

मी पाहिलं. ओळखलं. आणि बोलले नाही.

त्या वेळी डोक्यात काय होतं ते जसंच्या तसं लिहिते. एक: लांबचा प्रवास आहे, जनावराला गरम होईल. दोन: सगळ्या नेल्या नसतील, दोन-तीन तरी ठेवल्या असतील. तीन: आता हात घालून काढायला लागले तर किती वाईट दिसेल. तिसरं सगळ्यांत आधी आलं होतं. मग झाकण लागलं.

ट्रक गेल्यावर साहेबांचं भाषण झालं, चहा झाला. मी मधूनच निघाले. घरी खोक्यात नुसत्या बरण्या होत्या. फ्रीजर रिकामा होता. एकही बाटली नव्हती. पुसून स्वच्छ केलेला होता. त्याने जाता जाता फ्रीजर पुसला होता. सासूबाई म्हणाल्या, "तो म्हणाला तुला विचारलंय. मला वाटलं, तूच दिल्यास."

कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणला. बरणीत घातलेला तापमापक पाहून मला आधीच कळलं होतं. उजेडासमोर बरणी धरली. पाणी स्वच्छ होतं. सगळं तळाशी होतं.

सासूबाई मागे उभ्या होत्या. "मेली का गं सगळी?" आणि मग, "मी दुपारच्या बाटल्या कधी चुकवल्या नाहीत हो." इतकी वर्षं एका घरात राहून त्या माझ्यासमोर प्रथमच रडल्या.

त्याने विचारलं असतं तर मी बाटल्या दिल्या असत्या का? निम्म्या, बहुतेक. निम्म्यांत दोघांचंही भागलं असतं. म्हणूनच कदाचित त्याने विचारलं नाही. अर्ध्याने भागवायची त्याला सवय नाही. किंवा विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नसेल. यातलं जास्त वाईट कोणतं, हे ठरवत बसायचं मी आज नाकारते.

मंगळवार, २० मे

साहेब खोलीत आले. रिकाम्या टाक्यांकडे बघून म्हणाले, "आता चिलर मोकळा आहे. करा सुरू पुन्हा तुमच्या गोगलगायी."

"उरलेल्या नाहीत."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही."

ते खरोखर हळहळले. "अहो, मग टिपणात ठामपणे लिहायचं ना! मी तुमच्या शिफारशीवर गेलो. तुम्ही म्हणालात सील, मी म्हटलं सील."

कागदावर ते बरोबर आहेत. सही माझी आहे, आणि ठळक आहे.

रविवार, ८ जून

नवऱ्याचा फोन. जेवण कसं आहे, खोली कशी आहे, पैलवान नव्या तलावात कसा रुळला, हे सगळं सांगितलं. आईला फोन द्यायला सांगितला नाही. मग म्हणाला, "एक काम होतं. तलावापाशी पैलवानाचा फलक लावायचाय. चार ओळी. तुझ्यासारखं मोजकं कुणाला लिहिता येत नाही गं. मी इथल्या साहेबांना म्हटलंय, बायको लिहून देईल."

लेक समोर बसली होती. तिने नाही म्हणायची खूण केली. मी हो म्हटलं.

चार ओळी लिहायला सकाळ गेली. त्या अशा:

‘हा सील नर आहे, म्हातारा आहे आणि त्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही. तो मिशांनी पाण्याची हालचाल ओळखतो. तो इथे यावा म्हणून त्याच्या आधीच्या मत्स्यालयातलं थंड पाणी त्याला देण्यात आलं, आणि तिथल्या समुद्री गोगलगायींच्या नऊ पिढ्या व दहावीची पिल्लं संपली. त्याला याची कल्पना नाही.’

पाठवलं. दहा मिनिटांत फोन.

"हे काय लिहिलंयस?"

"चार ओळी."

"तिसरी काढ."

"चुकीची आहे का?"

"चुकीची नाहीये गं, पण—"

"आकडा चुकला असेल तर सांग, दुरुस्त करते."

"लोक मजा करायला येतात इथे! त्यांना काय करायचंय तुझ्या गोगलगायींशी?"

"चूक असेल तर दाखव. नसेल तर मी काढणार नाही."

"तू बदललीस," तो म्हणाला. त्याच्यामागे लाउडस्पीकरवर पुढच्या खेळाची वेळ सांगत होते. "मी काढतो मग. माझ्याकडे मजकूर आहेच."

"काढ," मी म्हटलं. "तुझ्या हाताने काढ."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "माझं विचारलं का गं त्याने?" मी नाही म्हटलं. "घाईत होता," असं पुढे जोडायचं तोंडावर आलं होतं. जोडलं नाही.

सोमवार, ९ जून

सकाळी मत्स्यालय उघडण्याआधी गेले. तिसरी ओळ इथल्या हिशेबाने फिरवून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून नेली होती, खाली माझं नाव. कोरड्या टाकीत शिडी लावून उतरले आणि पुठ्ठा काचेला आतून चिकटवला, मजकूर लोकांकडे. तिकिटवालीने बाहेरून पाहून सरळ करून घेतला. "डावीकडे थोडा, ताई. बास."

साहेब अकराला आले. काचेसमोर थांबून त्यांनी पूर्ण वाचलं. टिपण वाचलं नव्हतं, हे वाचलं. "हे काढून टाका," म्हणाले.

मी म्हटलं, शिडी तिथेच आहे.